गिरणीवाली माझ्याच आवाजात बोलते : पात्रात स्वतःला घालायचं म्हणजे नेमकं काय?

पायवाट

नमस्कार मंडळी.

गेली सहा-सात वर्षं कथा लिहितोय. चार छापून आल्या, बाकीच्या वहीत आहेत. यंदा एका दिवाळी अंकाला कथा पाठवली होती, ती जूनमध्ये परत आली. सोबत संपादकांनी स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहिल्या होत्या, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. पण त्या ओळी महिनाभर डोक्यातून जात नाहीयेत. गिरणी खरी आहे, गाव खरं आहे, बाई मात्र खरी वाटत नाही; ती तोंड उघडते तेव्हा तुम्हीच बोलता, असा त्यांचा आशय होता.

कथा अशी. तालुक्याच्या गावात पिठाची गिरणी चालवणारी एक बाई, वय ४२. नवरा जाऊन तीन वर्षं झाली. गिरणी त्याची, त्याच्यामागे हिने चालवायला घेतली. दीर म्हणतो जागा विकून टाकू, बाजारपेठेतली आहे, भाव चांगला येईल. ही नाही म्हणते. एका दुपारी लाइट गेलेली, दळणाचे डबे रांगेत लागलेले, आणि दीर वकिलाला घेऊन येतो. एवढंच.

तयारीत मी कसूर केली नव्हती. आमच्या गावातल्या एका गिरणीत पंधरा दिवस रोज तासभर बसलो. बाईची वेगळी वही केली. जन्मसाल, माहेर, शिक्षण नववी, उपास कोणते, आवडती भाजी कोणती, असं लिहीत चाळीस पानं भरली. तरी दीर आल्यावर ती जे बोलते ते हे आहे :

"ही गिरणी म्हणजे नुसतं यंत्र नाही भाऊजी. माझ्या स्वातंत्र्याची ती खूण आहे. इतकी वर्षं मी तुमच्या घरात सावलीसारखी राहिले. आज मला माझा आवाज सापडलाय."

हे लिहिलं त्या रात्री मला रडू आलं होतं. ते रडू खोटं नव्हतं. मी एका कचेरीत एकवीस वर्षं मान खाली घालून काम केलं आहे, आणि हे वाक्य खरं तर मला तिथल्या एका माणसाला म्हणायचं होतं. कधीच म्हटलं नाही. ते बाईच्या तोंडी घातलं.

लेखकाने पात्रात स्वतःला ओतल्याशिवाय त्यात जीव येत नाही, असं जो तो सांगतो. मी ओतलं. मग चुकलं कुठे? तुम्ही पात्रात शिरता म्हणजे नेमकं काय करता, हे हाताशी असलेल्या उदाहरणासकट सांगाल का?

रानजाई

कथा पूर्ण वाचायला आवडेल. या उताऱ्यापुरतं सांगते. "सावलीसारखी राहिले" इथे मी थांबले. भांडताना कुठलीच बाई स्वतःला उपमा देत नाही. आम्ही भांडतो तेव्हा हिशेब काढतो. कोणाच्या लग्नात कोणी किती दिले, कोणत्या साली सासूबाई दवाखान्यात होत्या आणि रात्री कोण राहिलं, पाटल्या मोडल्या तेव्हा सोन्याचा भाव काय होता. "स्वातंत्र्य" हा शब्द माझ्या आईने, मावशीने, काकूने भांडणात वापरलेला मला आठवत नाही. त्यांना ते नको होतं असं नाही. त्यांच्याकडे त्याची नावं वेगळी होती.

निळी शाई

पायवाट, प्रश्न मनापासून विचारलाय, म्हणून सविस्तर लिहिते. माझ्या तीन कादंबऱ्या झाल्या आहेत आणि पहिल्या कादंबरीत मी अगदी हीच चूक केली होती.

तुम्ही बाईत स्वतःला घातलंत असं तुम्हाला वाटतंय. माझ्या मते तुम्ही तुमचं *मत* घातलंत, आणि तेही तुमची चांगली बाजू दाखवणारं मत. माणूस अन्यायाविरुद्ध उभा राहतो तेव्हा कसा दिसावा याचं तुमच्या मनात एक चित्र आहे, ते तिला नेसवलंत. स्वतःचा जो भाग आपल्याला आवडतो तो पात्राला दिला की पात्र आपला प्रतिनिधी होतं. जो भाग आपण बायकोपासूनही लपवतो तो दिला तर ते माणूस होण्याची शक्यता असते.

उदाहरण मागितलंत म्हणून माझंच देते. दुसऱ्या कादंबरीत एक निवृत्त तलाठी होता. आयुष्यभर बारीकसारीक पैसे खाल्लेला, पण घरात मायाळू. दीड वर्ष तो कागदावरून उठेना. सातबारा, फेरफार, पीकपाहणी, सगळं मी शिकून घेतलं होतं, तरी तो नुसता "भ्रष्ट तलाठी" राहिला. त्याच सुमारास माझे वडील आजारी होते. एका संध्याकाळी सिस्टरने विचारलं, "आज रात्री कोण थांबणार?" खोलीत आम्ही तिघं भावंडं. आणि मी मान खाली घालून पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले. काहीही शोधत नव्हते. भाऊ "मी थांबतो" म्हणेपर्यंत माझा हात पर्समध्ये फिरत राहिला.

वडील गेले. तो हात मला विसरता येईना. शेवटी तो मी तलाठ्याला दिला. कोणी रडत तक्रार घेऊन आलं की तो टेबलाचा खण उघडतो आणि आत काहीतरी शोधत राहतो, समोरचा गप्प होईपर्यंत. त्या एका खणापासून तो चालायला लागला. तो कसा जेवेल, नातवाशी कसा बोलेल, चोरी उघडी पडल्यावर आधी कोणाकडे बघेल, हे मला न ठरवता कळू लागलं. प्रसंग माझा नाही, व्यवसाय माझा नाही, पुरुषही मी नाही. लाज फक्त माझी आहे.

आपल्या भाषेत याची सुरुवात फार लवकर झाली आहे. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' साप्ताहिक सुरू केलं आणि त्यात 'पण लक्षात कोण घेतो?' क्रमशः येऊ लागली तेव्हा ते सव्विशीतले होते. कादंबरी सगळी यमूच्या तोंडून. स्वतः पुरुष, आणि लिहितायत मुलीचं, मग सुनेचं, मग विधवेचं आत्मकथन. ती आजही टिकते याचं माझ्यापुरतं कारण असं की हरिभाऊ यमूला सुधारकी व्याख्यान द्यायला लावण्याची घाई करत नाहीत. आधी कितीतरी पानं ती लहान मुलगी असते, दादाशी भांडते, घरातल्या मोठ्यांचे मूड ओळखायला शिकते. पुढे सक्तीचं केशवपन येतं तेव्हा ते एका प्रश्नाचं उदाहरण म्हणून येत नाही. जिच्याबरोबर आपण इतके दिवस राहिलो तिचे केस जातात. स्त्रीशिक्षणाबद्दल, बालविवाहाबद्दल हरिभाऊंची मतं ठाम होती. पण ती मतं यमूच्या जगण्याच्या वेगाने बाहेर येतात.

तुमच्या कचेरीतलं ते न बोललेलं वाक्य तुम्ही बाईला दिलंत. मला विचारायचंय ते वेगळं आहे. त्या कचेरीत तुम्ही *केलं* काय?

उंबरठा

निळी शाई, शेवटच्या प्रश्नाला +१. पर्स वाचून पोटात कालवलं.

तिसरी घंटा

मी लेखक नाही. राज्य नाट्य स्पर्धेत अठरा वर्षं कामं करतोय, म्हणून नटाच्या बाजूने सांगतो.

तालमीत संहिता हातात आली की आमचे दिग्दर्शक भावना विचारतच नाहीत. या प्रवेशात तुला समोरच्याकडून काय हवंय, एवढंच विचारतात. दाराबाहेर घालवायचंय? की त्याने थांबावं असं वाटतंय पण म्हणता येत नाही? उत्तर मिळालं की वाक्य कसं म्हणायचं ते आपोआप येतं. नाही मिळालं की नट प्रेक्षकांकडे तोंड करून भाषण करतो. तुमची बाई तेच करतेय. तिला दिराकडून काही नकोय, तिला वाचकाकडून टाळी हवी आहे. दिराच्या जागी खांब उभा केला तरी तिचं वाक्य बदलणार नाही, यावरून ओळखा.

लांब स्वगत लिहूच नये असं नाही. विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) या नाटकात बेणारेबाईंचं शेवटचं स्वगत किती मोठं आहे. पण त्याची जागा बघा. कोर्ट तिला निवेदनासाठी दहा सेकंद देतं, ती बोलायला लागते तेव्हा बाकीची सगळी पात्रं थिजून उभी असतात, आणि बोलून संपतं तेव्हा कोणीच काही ऐकलेलं नसतं. त्या जगात ती हे बोलू शकत नाही, हेच ते स्वगत सांगतं. तेंडुलकरांना या नाटकाचं बीज लोकल गाडीत मिळालं होतं. विलेपार्ल्याला अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला निघालेली एक हौशी मंडळी त्यांना भेटली होती. बाहेरून मिळालं ते एवढंच. खेळातला खटला खरा होऊन एका बाईच्या अंगावर येतो, हे त्यांनी आतून आणलं.

आणखी एक. भूमिकेत शिरायला मला मन कधीच उपयोगी पडलेलं नाही. पायाकडून सुरुवात होते. हा माणूस चप्पल कुठे काढतो? खुर्ची दिली तर पूर्ण टेकतो की कडेवर बसतो? एकदा रेल्वेच्या गँगमनची भूमिका होती, पंधरा दिवस काही जमेना. मग घरात कोपऱ्यात उभा असलेला एक जड पाइप रोज खांद्यावर टाकून गच्चीवर फिरलो. चौथ्या दिवशी मान एका बाजूला कलली आणि आवाज खाली गेला. तुमच्या वहीत आवडती भाजी आहे. तिचा कोणता खांदा दुखतो ते आहे का?

आडवाट

चर्चा छान चालली आहे, पण थोडी हरकत नोंदवतो. "लपवलेलं द्या, लाज द्या" हाही एक साचा होऊ शकतो. मग प्रत्येक पात्राला एक गुपित आणि एक अपराधभाव. हल्लीच्या कथांत हे फार दिसतं.

काही लेखक स्वतःला जवळजवळ नावागावासकट पात्रात ठेवतात आणि तरी ते पात्र वेगळं राहतं. भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' १९६३ ची. तिचा नायक पांडुरंग सांगवीकर पंचवीस वर्षांचा, नेमाडेही तेव्हा पंचविशीचे. त्यांचं जन्मगाव खानदेशातलं सांगवी, तेच आडनावात आलं. एवढं जवळ असूनही पांडुरंग म्हणजे नेमाडे असं म्हणून भागत नाही. कारण पांडुरंगाला जग दिसतं ते त्या विशिष्ट बोलण्यातून, आणि हे बोलणं रचलेलं आहे. स्वतःला पात्रात घालायचं तर आधी स्वतःसाठी एक परका आवाज शोधावा लागतो.

उलट टोक म्हणजे 'आनंद ओवरी' (१९७४). दि. बा. मोकाशींना तुकारामांवर लिहायचं होतं. त्यांनी तुकारामांत शिरायचा प्रयत्नच केला नाही, धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या अंगात शिरले. भाऊ नाहीसा झालाय आणि हा त्याला शोधतोय. ज्याच्या उंचीपर्यंत आपण पोचत नाही त्याच्याकडे बघणाऱ्याची जागा आपल्याला झेपते. म्हणून पायवाट यांना माझं सुचवणं असं की बाईच्या आत शिरण्याचा हट्ट सोडा. रांगेत डबा घेऊन उभ्या असलेल्या एखाद्या पोराच्या नजरेतून हा प्रसंग सांगा.

रानजाई

आडवाट, पोराची सूचना चांगली आहे, पण ती पळवाट होऊ नये. पुरुषांनी बाई लिहूच नये या मताची मी नाही. उद्धव शेळक्यांची 'धग' (१९६०) मी दर दोन-तीन वर्षांनी वाचते. कौतिक कुठेही स्वतःबद्दल सिद्धान्त मांडत नाही. नवरा कामाला हात लावत नाही, मग आजाराने जातो हातचा, आणि ती नुसती पुढचा दिवस कसा निघेल ते बघत राहते. तिचं वऱ्हाडी बोलणं, उसनवारी, पोरांवर खेकसणं, यातच ती सगळी आहे. लेखक तिची बाजू घेतोय असं वाचताना एकदाही जाणवत नाही. म्हणूनच मी तिची बाजू घेते.

आणि बाईने बाई लिहिली की आपोआप खरी होते, असंही नाही. १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' आलं ते 'विभावरी शिरूरकर' या टोपणनावाने. कोण ही बाई म्हणून केवढं वादळ उठलं होतं. स्वतःच्या आतलं लिहायला त्यांना आधी स्वतःचं नाव बाजूला ठेवावं लागलं. हे टोपणनाव घेणाऱ्या मालतीबाई बेडेकरांनीच पुढे 'बळी' (१९५०) लिहिली. ब्रिटिश कायद्याने गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना सोलापूरच्या वसाहतीत तारेच्या कुंपणात ठेवलं जाई, तिथे त्यांनी नोकरी केली होती. म्हणजे तिथली त्यांची जागा कुंपणाच्या आतल्यांची नव्हती, व्यवस्थेच्या बाजूची होती. कुंपणाच्या या बाजूला आपण उभे आहोत हे माहीत असलेला माणूस जास्त काळजीपूर्वक लिहितो, असं मला 'बळी' वाचताना वाटतं.

नर्मदातीरी

इंदूरहून लिहितेय. आवाजाबद्दल आडवाट म्हणाले ते माझ्या बाबतीत अक्षरशः घडलं.

माझ्या पहिल्या कथेतली आजी इंदूरची, चार पिढ्या इथेच. पण मी ती कथा पुण्याच्या एका मासिकासाठी लिहीत होते, म्हणून आजीला पुस्तकी मराठी बोलायला लावलं. घरी वाचून दाखवली तर आई म्हणाली, "ही कोण ग? आपल्याकडची नाही." आमच्याकडे गिरणी कोणी म्हणत नाही, चक्की म्हणतात. आजी रागावली की अर्ध्या वाक्यात हिंदीत जायची, आणि देवाशी बोलताना मात्र शुद्ध मराठी. राग एका भाषेत आणि प्रार्थना दुसऱ्या. हे मी लाजेपोटी काढून टाकलं होतं, मराठी वाचक हसतील म्हणून. परत घातलं आणि आजी उठून बसली.

पायवाट, तुमची बाई कुठल्या बाजूची? नगरची, येवल्याची, जतची? तिच्या त्या चार वाक्यांवरून ते कळत नाही.

भाजणी

मी इथे बहुतेक वाचायलाच येते, पण हा धागा बघून राहवलं नाही. माझ्या आईची गिरणी होती. सांगली जिल्ह्यात, आमच्या गावात. वडील गेल्यावर तिने अकरा वर्षं चालवली. मी शाळेतून आले की तिथेच बसायची. त्यामुळे तुमच्या कथेतली बाई मला माहीत आहे, आणि ती अशी बोलणार नाही हे मी खात्रीने सांगते.

थोडं लिहिते, उपयोग झाला तर बघा.

आई मोठ्याने बोलायची. घरीसुद्धा, देवळातसुद्धा. दिवसभर गिरणीच्या आवाजात राहून तसं होतं. लोकांना वाटायचं भांडखोर आहे. पापण्यांवर कायम पीठ. दळण पडायला लागलं की अंगठा आणि बोट यांच्यात चिमूटभर चोळून बघायची, जाड पडतंय का, आणि न बघता चाक फिरवायची. ते चोळणं इतकं अंगात भिनलं होतं की दूरदर्शनसमोर बसली तरी बोटं तशीच चालायची. उपासाचं दळण सकाळी, दगड झाडून पुसून, सगळ्यांत आधी. बाजरीच्या मागे गहू टाकला तर बायका ओरडायच्या, म्हणून कोणाच्या मागे कोण हे सगळं तिच्या डोक्यात असायचं. कोणाच्या घरी डबा लहान होत चाललाय हेही तिला आधी कळायचं, पण बोलायची नाही. दगडाला टाकी लावायला माणूस यायचा तो दिवस तिला सुट्टीसारखा.

अकरा वर्षांत ती "माझी गिरणी" असं एकदाही म्हणाली नाही. "ह्यांची गिरणी" म्हणायची. वीजबिल तिच्या नावावर झाल्यावरही.

आणि जे सांगायला लिहायला बसले ते हे. तिला एखाद्याशी बोलायचं नसलं की ती गिरणी सुरू करायची. डब्यात असतील नसतील ते दोन शेर दाणे वर ओतायची आणि बटण दाबायची. त्या आवाजात कोणाला काही बोलता यायचं नाही. काका आले, भिशीवाले आले, माझ्या लग्नाचं विचारायला कोणी आलं, आईचं उत्तर म्हणजे गिरणीचा आवाज. तुमच्या कथेत दीर येतो तेव्हा लाइट गेलेली आहे. तुम्ही ते का ठेवलंत मला माहीत नाही. पण माझ्या आईवर असा प्रसंग आला असता तर तिच्याकडे लपायला काहीच नव्हतं.

निळी शाई

भाजणी, तुमचे शेवटचे परिच्छेद मी तीनदा वाचले. पायवाट, तुमची कथा इथे आहे. लाइट गेलेली आहे हे तुम्ही लिहून ठेवलंत, आणि का ते तुम्हालाच कळलं नव्हतं. असं होतं. हात कधीकधी डोक्याच्या पुढे असतो.

पायवाट

मंडळी, दोन दिवस इथे आलो नाही. लिहीत होतो आणि खोडत होतो.

भाजणीताई, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. लाइट मी नुसती वातावरण म्हणून घालवली होती. उकाडा, शांतता, माश्या, असं काहीतरी. पंधरा दिवस गिरणीत बसून मी यंत्र बघितलं, आवाज मोजला, पण त्या आवाजाचा आडोसा म्हणून उपयोग होतो हे मला दिसलं नाही. आणि खरं तर मलाच दिसायला हवं होतं. कचेरीत नको असलेला माणूस टेबलाशी आला की मी लगेच फोन कानाला लावायचो.

निळी शाई, तुम्ही विचारलंत मी तिथे केलं काय. सांगतो. आमच्यातल्या एका सहकाऱ्याविरुद्ध एक कागद फिरला होता. त्यावर सगळ्यांच्या सह्या घेत होते. मजकूर खोटा आहे याचा मला अंदाज होता. मी तो वाचला नाही. वाचला असता तर सही करता आली नसती, म्हणून वाचला नाही. चष्मा वर कपाळावर होता, तो खाली घेतला नाही, आणि सही केली. त्या माणसाची बदली झाली. एकवीस वर्षं मान खाली घालून राहिलो असं मी वर लिहिलं, ते माझ्यावर अन्याय झाला अशा सुरात लिहिलं. ती मान त्या कागदावरही खाली होती.

हे आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

उंबरठा

पायवाटदादा, हे इथे लिहिलंत, त्याबद्दल नुसतं वाचलं एवढंच कळवते. जास्त काही बोलत नाही.

एक वेगळी शंका आहे, इथेच विचारते. स्वतःचं द्यायचं ते पटलं. पण दुसऱ्यांचं? माझ्या एका कथेत मी मावशीची एक सवय घेतली होती, पाहुणे गेल्यावर बशीतली उरलेली बिस्किटं मोजून डब्यात ठेवायची. बाकी पात्राचं मावशीशी काही साम्य नव्हतं. पण तिने ओळखलं. पावणेदोन वर्षं बोलली नाही. कथा चांगली झाली होती असं सगळे म्हणतात, आणि मला ती उघडून वाचवत नाही.

निळी शाई

उंबरठा, याला सोपं उत्तर माझ्याकडे नाही. मी माझ्यापुरता नियम केलाय. दुसऱ्याची सवय घेतली तर तिच्यामागचं कारण स्वतःच्या आतून द्यायचं. मावशी बिस्किटं मोजते एवढंच लिहिलं तर वाचक कंजूष म्हणून मोकळा होतो. मोजण्यामागे कुठली भीती आहे हे तुम्हाला तुमच्या भीतीतून शोधावं लागतं, आणि ते शोधलंत की बशीच्या जागी दुसरं काहीतरी येतं, बहुतेक वेळा. माझ्या तलाठ्याचा खण आधी पर्स होती, तसं. मावशीला तुम्ही तिच्यात काय बघितलंत याचं दुःख झालं असेल. तुम्ही स्वतःला तिच्या शेजारी उभं केलेलं तिला दिसलं नाही.

जाऊन भेटा मात्र. कथेपेक्षा मावशी मोठी.

तिसरी घंटा

अवांतर : दुसऱ्याच्या देहात शिरण्याला आपण परकायाप्रवेश म्हणतो, तर त्या गोष्टीचा एक भाग मला नेहमी आठवतो. शंकराचार्य अमरू राजाच्या मृत देहात शिरतात, तेव्हा त्यांचा स्वतःचा देह शिष्य जपून ठेवतात, कारण परत यायचं असतं. खलनायकाची भूमिका चालू असताना मी घरी मुलीवर फार ओरडलो होतो. बायकोने ते लक्षात आणून दिलं. तेव्हापासून प्रयोगानंतर मेकअप उतरवल्यावर दहा मिनिटं कोणाशीही न बोलता बसतो. लिहिणाऱ्यांनाही हे लागत असावं.

पायवाट

नवा खर्डा टाकतोय. फक्त तो प्रसंग. बाई आता येवल्याच्या बाजूची आहे, माझी आत्या तिकडची, ती बोली कानात आहे. नवरा गेल्यावर तेराव्याच्या दिवशी दिराने तिची एक सही घेतली होती, असं आधी येऊन गेलंय.

लाइट सकाळी नवालाच गेली होती. वकील दारातल्या पोत्यावर रुमाल टाकून बसला. भाऊजी उभेच राहिले.

"वैनी, फक्त सही पाहिजे."

ती डब्यांवरची खडूची नावं वाचत होती. "हा कुणाचा? गुरवांचा का?"

"वैनी, मी काय म्हणतोय."

"झाकण उघडं ठेवून गेले बघा. मुंग्या लागतील."

वकिलाने कागद पुढे केला. तिचा हात बटणाकडे गेला आणि तसाच खाली आला. तिने हात पदराला पुसले. मग परत पुसले. हाताला पीठ नव्हतं, सकाळपासून दळण झालंच नव्हतं.

"मागच्या टायमाला केली ना सही," ती मोठ्याने म्हणाली.

"ती वारसाची होती."

"काय लिहिलं होतं तिच्यावर?"

"सांगितलं होतं की तेव्हा."

"घरात पाव्हणे होते. चष्मा आत होता. मी म्हटलं, आता कुठं उठू."

भाऊजी वकिलाकडे बघून हसले.

"आज आहे चष्मा," ती म्हणाली. पण जागची हलली नाही.

इथपर्यंत आलोय. पुढे ती कागद वाचते की नाही हे मला अजून माहीत नाही. आधीच्या खर्ड्यात मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

रानजाई

"मी म्हटलं, आता कुठं उठू." हे वाक्य तिचं आहे. यात तुम्ही मला कुठे दिसत नाही, आणि तुमची सही मला माहीत आहे म्हणूनच सांगते.

आडवाट

पोराच्या नजरेची सूचना मागे घेतो. आतूनच लिहा. एकच : "भाऊजी वकिलाकडे बघून हसले" यात दीर अजून नुसता वाईट आहे. त्यालाही काहीतरी द्या. त्याच्या भावाचीही गिरणी होती ती.

पायवाट

आडवाट, बरोबर आहे. हे माझ्या मनातच आलं नव्हतं. लहानपणी दोघं भाऊ त्याच पोत्यांवर झोपले असतील. वकील पोत्यावर बसतो ते दिराला आवडलेलं नसेल.

भाजणी

छान झालंय. आईला वाचून दाखवलं, आता तिला ऐकायला कमी येतं, मोठ्याने वाचावं लागलं. तिने दोन चुका सांगितल्या, लिहून ठेवते.

हाताला पीठ नव्हतं हे चूक आहे. गिरणी चार दिवस बंद असली तरी नुसतं तिथे बसून हाताला पीठ लागतं. म्हणजे ती हात पुसते ते बरोबर, पण पीठ असू द्या. पुसून जात नाही ते.

दुसरी. लाइट मध्येच गेली असेल तर दगडात दाणे अडकून राहतात. चाक सैल केल्याशिवाय परत बटण दाबलं तर पट्टा घसरतो. तेव्हा बाई बोलताबोलता चाक सैल करून ठेवेल, लाइट कधीही येईल म्हणून. दीर समोर उभा असला तरी ते करेल.

आणि चष्मा कुठे आहे ते लिहा. आईचा पट्ट्याच्या मागच्या भिंतीला खिळा होता, त्याला दोऱ्याने टांगलेला असायचा. तिथपर्यंत जायचं तर काकांना ओलांडून जावं लागायचं.